पोलिसांच्या दप्तरातील आपले नाव

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचे, कुकडीच्या खोऱ्यातले गाव. अशा बागायती गावात चोरी झाली म्हणजे ती नेहमी सोन्यानाण्याचीच असते असे नाही. कधी विहिरीवरची मोटार जाते, कधी केबल जाते, कधी दारात लावलेली मोटारसायकल. समजा, तुमचीच मोटार रात्रीतून नाहीशी झाली. सकाळी उठून तुम्ही पोलीस ठाणे गाठता. ठाणे अंमलदार संगणकासमोर बसलेला असतो. तो विचारतो : नाव काय, वडिलांचे नाव काय, वय किती, धंदा कोणता, राहणार कुठले, मोबाईल नंबर काय. तुम्ही सांगत जाता आणि समोरच्या पडद्यावर अक्षरे उमटत जातात. शेवटी सही करून तुम्ही बाहेर येता. एस.टी.ची वाट पाहताना मात्र मनात येते, "चोर राहिला बाजूला, माझंच नावगाव सगळं लिहून घेतलं की! हे आता कुठं कुठं जाणार? कोण कोण बघणार? आणि पुसलं कधी जाणार?"

हे तीन प्रश्न साधे दिसतात. पण त्यांची उत्तरे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतात. आज आपण त्यांचाच विचार करू.

प्रथम हे लक्षात घेऊ, की आपली माहिती सरकारजवळ असणे ही काही आजची गोष्ट नव्हे. पूर्वी दप्तर नव्हते तेव्हा पाटलाची स्मरणशक्ती हेच दप्तर होते. गावात कोण नवा आला, कोणाच्या घरी अवेळी चूल पेटली, कोणाच्या गोठ्यात अनोळखी बैल बांधला आहे, हे पाटलाला ठाऊक असे. चोरी झाली की रामोशी माग काढीत निघे. पावलांचा माग ज्या गावाच्या शिवेत शिरे, त्या गावावर पुढची जबाबदारी येई. १८६७ साली मुंबई इलाख्यात ग्राम पोलिसांचा कायदा झाला. त्याची जागा शंभर वर्षांनी, १९६७ साली, महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने घेतली. आजचा पोलीस पाटील त्या कायद्याखाली काम करतो. गावातली खबर ठाण्याला पोचविणे हे आजही त्याचे कर्तव्य आहे.

या जुन्या दप्तराला एक गुण होता आणि एक दोष. गुण असा, की पाटील माणसाला ओळखत असे. पोराने एकदा कणसे चोरली म्हणून तो त्याला जन्माचा चोर ठरवीत नसे. दोष असा, की पाटलाचे आणि तुमच्या घराचे वाकडे असले, तर त्या स्मरणातून न्याय मिळणे कठीण. पण काही झाले तरी ते स्मरण शिवेबाहेर फारसे जात नसे, आणि माणसाबरोबर तेही संपत असे. कागदाचे तसे नाही. संगणकाचे तर मुळीच नाही.

कागदाच्या युगात सर्वांत मोठी भर पडली ती बोटांच्या ठशांची. ठशांची नोंद ठेवणारे पहिले कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले. ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत जगभर एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. परंतु तिच्यामागचे बरेचसे डोके अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचे होते, हे आपण विसरू नये. आपल्या राज्याचा ठशांचा विभाग पुण्यास, गुन्हे अन्वेषण विभागाच्या हाताखाली आहे. ज्यांना अटक होई त्यांचे ठसे आणि छायाचित्रे घेण्याचा अधिकार १९२० च्या कायद्याने पोलिसांना दिला होता.

आता आजची स्थिती पाहू. २००९ साली केंद्र सरकारने देशातील सारी पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडण्याची योजना मंजूर केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सीसीटीएनएस' म्हणतात. महाराष्ट्रात ती २०१५ साली सुरू झाली. देशातील १६,००० हून अधिक ठाणी आज या जाळ्यात आहेत. या दप्तरात काय असते? फिर्याद, म्हणजे प्रथम खबर, अटक झालेल्यांची माहिती, जप्त मालाची यादी, दोषारोपपत्र, हरवलेली माणसे, बेवारस मृतदेह, चोरीस गेलेली वाहने. न्यायालय, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांची दप्तरेही या जाळ्याशी जोडण्याचे काम चालू आहे.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील, तर आळेफाट्याची चौफुली डोळ्यांसमोर आणावी. तेथे पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. निमगावची मोटारसायकल या चौफुलीवरून दोन तासांत कुठल्या कुठे जाऊ शकते. पूर्वी तिचा माग शिवेवरच थांबला असता. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात अडविली गेली, तर तेथल्या ठाण्याला ती चोरीची असल्याचे कळू शकते. यात्रेत हरवलेले एखादे वृद्ध माणूस दूरच्या इस्पितळात सापडले, तर त्याचाही मेळ लागू शकतो. तेव्हा दप्तर हे मुळात वाईट नाही. ते रामोशाच्या मागासारखेच आहे. फक्त त्याला शीव उरलेली नाही. आणि ज्याला शीव नाही त्याला कुंपण लागते. ते कुंपण कायद्याचे.

पोलिसांना मिळू शकणारी सगळी माहिती एका पेटीत नसते. तिचे तीन थर करून पाहिले म्हणजे घोटाळा होत नाही.

पहिला थर पोलिसांच्या स्वतःच्या दप्तराचा. तो आपण वर पाहिला. फिर्यादी, साक्षीदार आणि आरोपी या तिघांचीही नावे त्यात येतात. नाव दप्तरात आले म्हणजे माणूस गुन्हेगार ठरला, असे मुळीच नाही.

दुसरा थर इतर सरकारी खात्यांच्या दप्तरांचा. गाडीच्या नंबरावरून मालकाचे नाव-पत्ता, लायसन्सची मुदत, विमा आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या नोंदीतून वाहतूक पोलिसाला उभ्या उभ्या दिसू शकते. दंडाची पावती मोबाईलवर येते ती त्यामुळेच. तुमच्या जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तर पोलीस असण्याचीही गरज नाही. तो कोणालाही पाहता येतो. लेण्याद्रीला किंवा ओझरला दर्शनासाठी आलेला यात्रेकरू लॉजमध्ये उतरला, की तेथल्या रजिस्टरात त्याचे नाव चढते. ते रजिस्टरही पोलीस तपासू शकतात.

तिसरा थर सर्वांत नाजूक. त्यात आपले खाजगी जीवन येते : फोन, बँक, आधार. येथे नुसते मागून मिळत नाही. त्याची रीत ठरलेली आहे. तुम्ही कोणाला केव्हा फोन केला, किती वेळ बोललात, तेव्हा कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात होता, ही नोंद टेलिफोन कंपनीकडे असते. ती पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवावी लागते. ठाण्यातल्या शिपायाने सहज फोन करून मागायची ती गोष्ट नव्हे. प्रत्यक्ष बोलणे चोरून ऐकायचे असेल, तर अट याहून कडक. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली फोन ऐकण्यावर बंधने घातली, आणि राज्यात त्याचा हुकूम एरवी गृह सचिवानेच द्यावा अशी रीत पडली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असे तीन हुकूम बेकायदा ठरविले आणि ऐकलेले संभाषण नष्ट करावयास सांगितले. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कारण असल्याखेरीज कोणाचा फोन ऐकता येत नाही, हे त्या निकालाचे सार.

आधारची गोष्ट तर आपल्या शेजारच्या गोव्यातच घडली. २०१३ च्या सुमारास वास्को येथे एका लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनास्थळी बोटांचे ठसे मिळाले होते. ते कोणाचे, हे शोधण्यासाठी गोव्यातील सर्व आधारधारकांच्या ठशांची मागणी झाली. गुन्हा इतका संतापजनक, की कोणीही म्हणावे, "द्या की मग ठसे!" खालच्या न्यायालयाने तसे म्हटलेही. पण विचार करा : एका गुन्हेगारासाठी साऱ्या गोव्याला संशयिताच्या रांगेत उभे करावयाचे का? आधारसाठी बोट टेकविणाऱ्या म्हातारीने ते रेशनसाठी टेकविले होते, ओळख परेडसाठी नव्हे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २४ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने सांगितले, की माणसाच्या लेखी संमतीवाचून त्याचे ठसे कोणत्याही संस्थेला देऊ नयेत. पुढे २०१६ च्या आधार कायद्यात बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुलीची प्रतिमा कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देऊ नये असे स्पष्ट कलम आले. नाव-पत्त्यासारखी इतर माहिती द्यावयाची झाल्यास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा हुकूम लागतो.

मग पोलिसांजवळ ठसे येतात कोठून? अटकेतून. येथे कायदा अलीकडेच बदलला आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. १९२० चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी ४ ऑगस्ट २०२२ पासून नवा कायदा आला. आता बोटांचे, तळव्यांचे, पावलांचे ठसे, छायाचित्र, डोळ्यांच्या बाहुलीची नोंद, सही, हस्ताक्षर आणि रक्तासारखे नमुने इतके सारे घेता येते. रक्तासारख्या नमुन्यांबाबत एक सवलत आहे. अटक झालेला गुन्हा बाई-मुलांविरुद्धचा नसेल आणि ७ वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचाही नसेल, तर ते देण्याची सक्ती नाही. ही नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहते. त्याच वर्षी देशभरच्या ठशांची एक यंत्रणाही सुरू झाली. तीत प्रत्येकाला १० आकडी क्रमांक मिळतो.

७५ वर्षे म्हणजे जवळ जवळ सारा जन्मच. पण कायद्यात एक दारही ठेवले आहे. पूर्वी कधी शिक्षा झालेली नसलेला माणूस खटल्याशिवाय सुटला, किंवा निर्दोष ठरला आणि सारी अपिले संपली, तर त्याची ही नोंद नष्ट केली पाहिजे; न्यायालयाने कारण देऊन तसे न करण्यास सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. हे दार आहे हे पुष्कळांना माहीतच नसते, आणि आपण दार ठोठावल्याखेरीज ते कोणी आपणहून उघडील, या भरवशावर राहू नये.

येथे कोणी म्हणेल, "आम्ही सरळ माणसं. आमचं नाव असलं काय अन् नसलं काय! कर नाही त्याला डर कशाला?" ही म्हण चांगली आहे, पण आपल्याच महाराष्ट्रात अशी माणसे होती, की ज्यांनी काही केले नव्हते तरी त्यांना जन्मभर डर होती. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर गेली. त्याखाली आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, रामोशी अशा अनेक जमातींतील माणसांची नावे दप्तरात चढली. अपराध कोणता? त्या घरात जन्माला आले हा. रोज हजेरी द्यायची, परगावी जायचे तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. ज्या रामोशाने गावाचा माग काढला, गावाची राखण केली, त्याचेच नाव चोरांच्या वहीत! ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला, पण वहीची सवय लवकर जात नाही. कोठे दरोडा पडला, की प्रथम पारध्याच्या पालावर जायचे, ही तक्रार आजही ऐकू येते. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या 'हिस्ट्री शीट'विषयी एका प्रकरणात बजावले, की मागास आणि भटक्या जमातींच्या निरपराध माणसांची नावे जातीवरून, यांत्रिकपणे अशा नोंदीत घालू नयेत, आणि अज्ञान मुलांचा तपशील त्यात येऊ नये. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी तुरुंगांतील जातिभेदावर निकाल देताना विमुक्त जमातींच्या मनमानी अटका टाळण्याविषयी न्यायालयाने पुन्हा सांगितले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले, यातच सारे आले. पूर्वीची वही एका ठाण्याच्या कपाटात होती. तीच नावे, तीच चूक, संगणकात उतरवून घेतली तर ती एका क्षणात देशभर पसरेल. म्हणून म्हणतो, दप्तर किती मोठे आहे यापेक्षा ते किती खरे आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

निमगावपासून खोडद फार दूर नाही. तेथली ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आपण येता-जाता पाहतो. आकाशातला अत्यंत क्षीण आवाज ती टिपते. पण नुसते टिपून भागत नाही. त्यातली खरखर कोणती आणि ताऱ्याचा आवाज कोणता, हे निवडताना शास्त्रज्ञांचा कस लागतो. पोलिसांच्या दप्तराचेही तसेच आहे. साठविणे सोपे, निवडणे कठीण.

आणखी एक धोका आहे, तो आतल्या माणसाचा. २०१८ साली ठाण्यात फोनच्या नोंदी पैसे घेऊन विकल्या जात असल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यात खाजगी गुप्तहेरांना अटक झाली, तशी एका पोलीस शिपायालाही झाली. म्हणजे कुंपण बांधून पुरत नाही; कुंपणाच्या फाटकातून कोण आत गेला, काय घेऊन बाहेर आला, याचीही नोंद राहिली पाहिजे. तपासातल्या पोलिसाने पाहिले तर ते कर्तव्य. शेजाऱ्याच्या भांडणापायी एखाद्या ओळखीच्याने पाहिले तर तो अपराध.

आता पुन्हा आपल्या गावात येऊ. समजा, बांधाच्या भांडणात कोणी तुमच्या मुलाचे नाव फिर्यादीत घातले. तीन वर्षांनी तो निर्दोष सुटला. घरात पेढे वाटले, विषय संपला. पुढे त्याला नोकरी लागायची वेळ आली, चारित्र्य पडताळणीचा कागद आला, आणि पाहतो तो जुना गुन्हा नोंदीत उभा! निकाल काय लागला याची खूण त्यापुढे झालेलीच नाही. अशा वेळी मुलगा घाबरतो आणि अर्जात 'माझ्यावर कोणताही गुन्हा नव्हता' असे लिहून मोकळा होतो. हे करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या निकालात सांगितले आहे, की नोकरीच्या अर्जात विचारलेली माहिती खरी द्यावी. लपविणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. उलट, निर्दोष सुटल्याचे खरे सांगितले तर मालकाला साऱ्या गोष्टींचा विचार करून ठरवता येते.

तेव्हा चार गोष्टी गाठीला बांधा. पहिली, फिर्याद देताना सही करण्यापूर्वी ती संपूर्ण वाचा किंवा वाचून घ्या. नाव, वय, पत्ता यांतली चूक तेथेच दुरुस्त करा. फिर्यादीची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, आणि तपास कोठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळविले पाहिजे, असे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेली नागरिक सुरक्षा संहिता सांगते. दुसरी, २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे बहुतेक फिर्यादी २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवायच्या असतात. अत्याचारासारखी नाजूक प्रकरणे यातून वगळली आहेत. म्हणजे ती फिर्याद पोलीसच काय, शेजारीही वाचू शकतो. प्रकरण नाजूक असेल तर ते फिर्याद देतानाच अधिकाऱ्याला स्पष्ट सांगा. तिसरी, खटल्यातून सुटलात की निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा. ती जोडून ठाण्यात आणि पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्या, नोंद सुधारून मागा, ठसे घेतले असतील तर ते नष्ट करण्याची मागणी करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. चौथी, उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार आहे. तपासात अडथळा येईल अशी माहिती नाकारता येते. पण संपलेल्या प्रकरणातल्या आपल्याच अर्जाचे काय झाले, हे विचारायला अडचण नाही.

माहिती संरक्षणाचा एक नवा कायदा २०२३ साली झाला आहे. पण गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी त्याच्या बऱ्याचशा कलमांतून सूट ठेवलेली आहे. म्हणून येथे आपला मोठा आधार आहे तो २४ ऑगस्ट २०१७ चा. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालावयाचा असेल, तर त्याला कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि कामापुरताच हात घातला पाहिजे. खेड्यातल्या भाषेत सांगायचे तर, घरात शिरायचे असेल तर दारातून या, काम सांगा, आणि काम झाले की निघा.

एस.टी.ची वाट पाहणाऱ्या त्या फिर्यादीला आता आपण उत्तर देऊ शकतो. तुमचे नाव साऱ्या ठाण्यांना जोडणाऱ्या दप्तरात गेले आहे. ते मोटार शोधण्यासाठी गेले आहे. ते फिर्यादी म्हणून गेले आहे, आरोपी म्हणून नव्हे, आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर तसे लिहिले आहे. ती प्रत घडी घालून सातबाऱ्याच्या उताऱ्याजवळ ठेवा. जमिनीच्या कागदात एक अक्षर चुकले तर आपण तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. आपल्या नावाच्या कागदासाठीही एखादी खेप घालायला हरकत नाही.